बोथच्या मैदानावरचं लाल कार्ड

बाबा, काल भाऊ येऊन गेला. जाण्याआधी तो जे बोलला तेच तुम्हाला सांगायचं आहे, पण ते आधीच सांगून टाकलं तर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणाल आणि चपला घालून बाहेर पडाल. तुमचं ऐकणं तसंच होतं. म्हणून आज मी माझ्या चालीनं सांगणार आहे आणि तुम्हाला बसून राहावं लागणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझा मुलगा कॉलेजात जायला लागला, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी आधी केस नीट बांधून घेते. माझे केस मोकळे दिसले की तुम्ही मायला हाक मारायचात, आठवतं?

बोथचा तो फुटबॉलचा सामना मला कालच्यासारखा दिसतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. कापूस वेचून झालेला, लोकांना जरा उसंत, आणि मैदानाभोवती आजूबाजूच्या गावांची माणसं बैलगाड्या सोडून बसलेली. आपलं गाव आणि गुडीहत्नूरकडची टीम, गावांच्या स्पर्धेतला शेवटचा सामना. आदिलाबादहून यायचा तो पंच आलाच नाही, त्याची बस रस्त्यात बंद पडली म्हणे. मग पंच कोण, यावर बराच वेळ गलका झाला. तुम्ही शाळेत खेळाचे सर, पण आपल्या टीमचेही तुम्हीच गुरू, आणि मागं फुलबॅकला तुमचा स्वतःचा मुलगा. तरी तुमचं नाव समोरच्यांनीच घेतलं. त्यांच्यातला एक पांढऱ्या मिशीचा पाटील उठून म्हणाला, “सर हायेत ना, मंग काऊन थांबून राह्यले? सरायचं आमाले चालते.” ते ऐकून मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या मुलीला उगाच कोपर मारलं. त्या एका वाक्यानं तुमचे हात बांधले गेले, हे मला फार नंतर कळलं.

त्यांच्यात तो वेणीवाला होता. पंचक्रोशीत त्याला नावानं कोणी ओळखत नव्हतं. त्याच्या मायनं बासरच्या सरस्वतीला नवस बोलला होता, पोरगा दहावी पास झाला की त्याचे केस गोदावरीवर नेऊन देईन, तोवर कात्री लावणार नाही. आणि पोरगा काही पास होईना. दर उन्हाळ्यात निकाल लागायचा आणि केस आणखी वाढायचे, अगदी कमरेपर्यंत आले. लोक त्याची वेणी बघूनच त्याचे मार्क सांगायचे. पण पायात बॉल आला की त्याची थट्टा करायची कोणाची टाप नव्हती. केसांचा बुचडा बांधून वर फडकं आवळून तो पळायचा, आणि आपल्या गावाकडचे लोकसुद्धा उभे राहून बघायचे.

भाऊचं त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला माहीत होतं. जिल्ह्यातल्या कोळसा खाणींच्या टीमचा एक माणूस खुर्ची टाकून, छत्री उघडून बसला होता. खाणीत खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळायची, आणि भाऊवर त्याची नजर आहे असं तुम्हीच सकाळी मायला म्हणाला होतात. मायनं त्या दिवशी भाऊला भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला होता. मी मागितला तर म्हणाली, “तू थोडीच खेळून राह्यली?” सामना संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात वेणीवाला सगळ्यांना चुकवून निघाला. पुढं फक्त आपला गोलकीपर आणि मागून भाऊ. भाऊला गाठता येत नव्हतं. त्यानं हात टाकला, फडकं निसटलं, बुचडा हातात आला आणि भाऊनं ओढला. तो मुलगा उताणा पडला. भाऊच्या मुठीत केस तसेच राहिले, आणि भाऊ त्यांच्याकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कोणाच्या हातात आहेत.

तुम्ही शिट्टी वाजवली. पळत आलात, पण आधी कार्ड काढलं नाहीत. खाली वाकून मातीत पडलेले केस वेचायला लागलात. नवसाचे केस पायाखाली येऊ नयेत म्हणून. भाऊची मूठ उघडून त्यातलेही घेतलेत, रुमालात बांधलेत आणि त्या पांढऱ्या मिशीच्या पाटलाकडे नेऊन दिलेत. मग परत येऊन खिशात हात घातलात. त्या खिशात दोन्ही कार्डं होती, ताकीद द्यायचं पिवळं आणि मैदानाबाहेर काढायचं लाल, ती मीच तुम्हाला शाळेच्या सामन्यांसाठी साड्यांच्या खोक्यांतून कापून दिली होती. तुम्ही लाल काढलंत. आपल्या भागात लाल कार्ड तोवर कोणी पाहिलं नव्हतं, पण ते काय आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही. आपल्या लोकांनी शिव्या सुरू केल्या. वेणीवाला उठून बसला होता, डोकं चोळत तुम्हाला म्हणाला, “सर, जाऊ द्या ना. मले काई नाई झालं.” तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. भाऊ बाहेर गेला, फ्री किक झाली, त्यांचा गोल झाला, आपण हरलो. छत्रीवाला माणूस आपल्या गावातल्या कोणाशी न बोलता निघून गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण चौघं. माय भाकरी थापते आहे, चुलीवर अंबाडीची भाजी, आणि भाऊ ताटाला हात लावत नाही. भाऊ म्हणाला, “नियमाच्या पुस्तकात केस वढाचं कुठं लिवलं हाय? मले दाखवा.” तुम्ही म्हणालात, “केस म्हनून नाई लिवलं. मारामारी लिवली हाय.” “म्या मारलं नाई. थांबोलं. अंगातली अंगी वढली असती तर तुमी पिवळं दाखोलं असतं.” तुम्ही घास खाली ठेवलात. “अंगी वढली तं अंगी ताणते. केस वढले तं मान वढल्या जाते. पळत्या माणसाची मान, बापू. मोडली असती तं?” रागातसुद्धा तुम्ही त्याला बापूच म्हणालात, हे त्याच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं.

मग भाऊ म्हणाला, “शाळेत तुमच्या संगचे सर रोज पोराइचे कल्ले वढतात. पोरींच्या वेण्या वढतात. त्याइले कोन काडते बाहेर?” तुम्ही म्हणालात, “तिथं माही शिट्टी चालत नाई.” पण पुढच्या सोमवारी तुम्ही ती तिथंही वाजवलीत, गळ्यात शिट्टी नसताना. प्रार्थनेनंतर गणिताच्या सरांनी एका मुलीची वेणी धरली आणि तुम्ही सगळ्या शाळेसमोर त्यांचा हात धरलात. त्या दिवसापासून सरांच्या खोलीत तुमच्यासाठी चहा येणं बंद झालं. तुम्ही घरून बाटलीत न्यायचात. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला त्या वर्षी बोरं कधी कमी पडू दिली नाहीत.

पण त्या रात्रीच्या जेवणात भाऊ शेवटी जे बोलला, त्यानं तुम्ही मोडलात. तो उठता उठता म्हणाला, “दुसऱ्याचं पोरगं असतं तर पिवळंच निघालं असतं. पाटलानं तुमचं नाव घेतलं, म्हनून माहा बळी देल्ला.” माय म्हणाली, “घरात तरी पंच नोका होऊ रे दोघंबी.” मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं की तुम्ही लगेच नाही म्हणाल. तुम्ही विचार करत होतात, बाबा. खरंच तसं झालं का, हे तुम्ही स्वतःला विचारत होतात, आणि तुमचा मुलगा तेवढ्यात अंगणात निघून गेला होता.

त्यानंतर भाऊ तुमच्याशी बोलला तो मायच्या तोंडून. “त्याइले सांग, बियाणं आलं.” “त्याइले इचार, कोनती बस हाय.” तुम्ही त्याच्यासाठी नागपूरहून खिळ्यांचे बूट आणलेत. त्यानं खोकं उघडलंही नाही. पुढं हायवेवर त्यानं टायरचं दुकान टाकलं तेव्हा तुम्ही मुहूर्ताला गेलात, नारळ हातात घेऊन रस्त्याच्या या बाजूला उभे राहिलात, लॉरी जाईपर्यंत, मग दुसरी जाईपर्यंत. शेवटी नारळ माझ्या हातात दिलात आणि मला पुढं पाठवलंत. शिट्टी तर तुम्ही त्या सामन्यानंतर परत गळ्यात घातलीच नाहीत. वेणीवाला शेवटी एकदाचा पास झाला, तुळतुळीत डोक्यानं बासरचा प्रसाद घेऊन आपल्या दारात आला. तेव्हा भाऊनंच त्याला खाट टाकून दिली, चहा पाजला, पोटभर गप्पा मारल्या. ज्याचे केस ओढले त्याच्याशी जमलं, आणि तुम्ही आतल्या खोलीत ते हसणं ऐकत बसला होतात. नव्वदच्या दशकात तुम्ही गेलात तेव्हा भाऊनं सगळं रीतसर केलं, खांदा दिला, मुंडण केलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. लोक म्हणाले, पोरगा कठोर आहे. मी सगळ्यांशी भांडले. भाऊशी तुमच्यासाठी आणि लोकांशी भाऊसाठी. इतकी वर्षं मी हेच करत आले आहे.

आता काल. भाऊ दुपारी जेवायला आला होता. केस सगळे पिकलेत, गुडघा दुखतो, बसतो अगदी तुमच्यासारखा, एक पाय दुमडून. माझा मुलगा मोबाईलवर कुठल्यातरी परदेशातला सामना बघत होता. त्यात एकानं दुसऱ्याचे केस मागून ओढले, आणि पंचानं त्याला पिवळं दाखवलं. मुलगा आणि त्याचा मित्र वाद घालायला लागले. मित्र म्हणे, एवढंसं ओढलं, पिवळं बास झालं. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. भाऊ म्हणाला, “पाहू दे बरं.” मोबाईल हातात घेतला, चष्मा वर केला, पुन्हा दाखव म्हणाला, आणखी एकदा दाखव म्हणाला. मग मोबाईल परत देत म्हणाला, “लाल पायजे होतं.” मुलानं विचारलं, “मामा, तुमाले काय मालूम?” आणि भाऊ म्हणाला, “माह्यावर निघालं होतं. आमच्या बाबानं काडलं. बराबर काडलं होतं.”

एवढंच. मग त्यानं मीठ मागितलं. मी मीठ दिलं आणि त्याच्याकडे न बघता परत ओट्याशी गेले, कारण बघितलं असतं तर तो ते शब्द थट्टेवारी नेऊन मोकळा झाला असता. ‘आमच्या बाबानं.’ तुम्ही हे ऐकायला हवं होतं. मला तुमचा इतका राग आला, बाबा, की तुम्ही थांबला नाहीत. नारळ हातात धरून रस्त्याच्या कडेला तेवढा वेळ थांबता आलं, तर आणखी थोडं थांबायचं होतं.

हे कागद मी कुठं पाठवणार. भाऊला दाखवायची हिंमत नाही, आणि तुमचा पत्ता आता कोणाकडे नाही. तरी एक सांगून ठेवते, इतकी वर्षं तुमच्या बाजूनं भांडले म्हणून तुम्हाला वाटत असेल की माझं मतही तेच. नियम तुमचा खरा असेल, आता तर भाऊही तेच म्हणतो. पण मला, बाबा, तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, पिवळं पुरलं असतं.