चार नंबर गेटचा वॉकीटॉकी

त्र्यंबकेश्वर,
सोमवार

शेखरदादा,

‘सप्रेम’ मुद्दाम लिहिलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आई माझ्याकडे बरी आहे. तिच्या बीपीच्या गोळ्या नामपूरच्या घरीच राहिल्यात, त्या तेवढ्या पाठव.

माझं लग्न जमत नाही म्हणून तू तिला इथे कालसर्पाच्या पूजेला आणलंस, तेही मला न सांगता. तिने मला कळवू नये म्हणून तिचा मोबाईल घरी ठेवायला लावलास. मग गर्दीत ती हरवली, तेव्हा कोणाच्या नावाने बोंब मारणार होतास?

मंदिराच्या चार नंबर गेटवर तिने गार्डचा वॉकीटॉकी धरला आणि म्हणाली, “मनी पोर यामा बोलस.” माझी पोर यातच बोलते, एवढंच तिला ठाऊक. वायरलेसच्या कामासाठी मी टॉवरवर चढते याची तुला लाज वाटते ना? डोंगरावरच्या त्याच टॉवरवर मी बसवलेल्या यंत्रातून तिचा आवाज माझ्या कंट्रोल रूमपर्यंत आला. मी तिला माझ्याजवळ आणवलं आणि गार्डला तुला शोधायला सांगितलं.

तू सापडलास. त्याने विचारलं, “कंट्रोलच्या मॅडम तुमच्या बहीण का?” तू म्हणालास, “छे, गावातली ओळखीची आहे.”

त्याचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावरच होता, दादा. आई माझ्या शेजारी चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला.

ती तुझ्या गाडीत का बसली नाही, ते आता कळलं असेल. तरी रोज विचारते, शेखर वेळेवर जेवत असेल का? तिला काय सांगू, ते कळव.

वहिनीला नमस्कार.

तुझ्या गावातली ओळखीची,
मोहिनी