न उघडलेलं बेअरिंग

उस्ताद, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण काम अडलं म्हणून कधी आली नव्हती. तुम्ही शिकवलेलं हातात होतं, तेवढ्यावर माझं भागत होतं. आज काम अडलेलं नाही, काम झालंय, मीच अडलोय. तीन दिवस घास खाली उतरत नाही. बायको विचारते काय झालं, तर पित्त झालंय म्हणून सांगतो. उद्या अकरा वाजता गाडी बघायला विमा कंपनीचा तपासणीचा माणूस येणार आहे. त्याच्या आत मला कुणाशी तरी खरं बोलायचंय, आणि जिवंत माणसाशी बोलायची माझी छाती होत नाही.

तुमचं गॅरेज बंद पडल्यावर मी बरीच वर्षं इकडंतिकडं हात मारले. आता सहा वर्षं झाली, वैरागच्या रस्त्याला एका कृषी पर्यटन केंद्रात मिस्त्री आहे. तुम्ही हसाल. लोक शहरातून शेतात येतात, हुरडा खातात, बैलगाडीत बसून फोटो काढतात आणि मग हौसेनं चिखलात गाडी फिरवतात. ती गाडी म्हणजे एटीव्ही. हँडल आणि सीट मोटारसायकलचं, खाली चार जाडजूड चाकं. अशा चार गाड्या माझ्या हवाली आहेत. दिसायला खेळणं, पण मागचा सगळा भार एका आडव्या ॲक्सलवर. चेन त्यालाच फिरवते, ब्रेकची डिस्क त्याच्यावरच, आणि तो फिरतो बेअरिंगांवर. चिखल, पाणी, मुरमाची धूळ, सगळं त्या बेअरिंगांच्या तोंडाशी. बाहेरून ग्रीस मारायला निप्पलसुद्धा दिलेलं नाही. चाकं काढा, चेन काढा, डिस्क काढा, ॲक्सल ठोकून बाहेर घ्या, तेव्हा कुठं बेअरिंग दिसतं. एका गाडीला अर्धा दिवस जातो. पाऊस सरला की एकदा हे करायलाच लागतं. यंदा मी केलं नाही. आज करू, उद्या करू करत भाद्रपद गेला, नवरात्र बसलं.

तुमच्याकडे मी पहिलं बेअरिंग भरलं तो दिवस आठवतो. मालाच्या रिक्षाचं मागचं चाक होतं. जुन्या काळ्या ग्रीसवर नवं पिवळं ग्रीस थापलं, फडक्यानं कडा पुसल्या आणि मोठ्या रुबाबात तुमच्यापुढं धरलं. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत, बेअरिंग घेतलंत आणि सरळ रॉकेलच्या डब्यात टाकलंत. ‘धो,’ म्हणालात, ‘ऊपर से तो कबर बी अच्छी दिकती.’ सगळं गॅरेज हसलं आणि माझे कान तापले. मग तुम्ही माझा तळहात उलगडून मधोमध लिंबाएवढं ग्रीस ठेवलंत. बेअरिंगची कड तळव्यावर दाबायची, ओढायची, पुन्हा दाबायची, वरच्या बाजूनं गोळ्यांच्या फटीतून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. ‘फिरव. अजून दाब. अजून.’ तुम्ही शेजारी बसून राहता, तुमची चहाची बशी थंड होते, गिऱ्हाईक ओरडून जातं, पण तुम्ही उठत नाही. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता.

आणि ती खंडेनवमी. झेंडू दरवर्षी तुम्हीच आणायचा, आम्ही हत्यारं पुसून पूजा मांडायचो आणि तुम्ही दारात खुर्ची टाकून म्हणायचा, ‘तुमची हत्यारं झोपली, आता मला सुट्टी.’ दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा आमचा नेम तुम्ही आमच्यापेक्षा कडक पाळायचा. मी तेव्हा विशीत होतो. पूजा मांडून तासही झाला नसेल, नातेपुत्याकडून आलेला एक टेम्पो दारात उभा राहिला, मागच्या चाकातून धूर निघत होता. मी लांबूनच सांगितलं, हत्यारं पूजेत हायती, परवा या. तुम्ही उठलात, चाकाला हात लावून पाहिलात, चटका बसला तसा मागं घेतलात. मग पूजेपाशी गेलात, पण कशाला शिवला नाहीत. मला म्हणालात, ‘मेरे हात से नक्को. तू नमस्कार कर, तूच उचल. देव रागवला तर सांग, उस्तादनं सांगितलं.’ मी पाना उचलला. चाक उघडलं तेव्हा बेअरिंगचा चुरा झाला होता. टेम्पोवाला तुमच्या पाया पडला, आणि तुम्ही त्याला शिव्या घातल्यात.

म्हणजे उस्ताद, मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

यंदा खंडेनवमीला मालक म्हणाले, गाड्या चकाचक पाहिजेत, फोटो काढायचेत. प्रेशरचा पंप मीच धरला. मागच्या ॲक्सलवर वाळलेला चिखल होता, तो सुटेना म्हणून नळी अगदी जवळ नेली. इतक्या जोराचं पाणी रबरी सीलच्या आत जातं, हे मिस्त्रीला कुणी सांगायला लागतं का? मग तोंडाशी बोटभर ताजं ग्रीस फासलं, काम केल्यासारखं दिसावं म्हणून. झेंडूच्या माळा घातल्या, हत्यारं पूजेला ठेवली, आरती झाली.

दसऱ्याला सकाळी राईड देणारा गडी माझ्याकडे आला. सांगोल्याकडचा, मेंढरांच्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. डबा उघडला की पहिल्यांदा माझ्यापुढं सरकवणारा. म्हणाला, ‘मिस्त्री, तीन नंबर मागनं लई घुमतीया वो. वळणाला चाक लटपटतंय. जरा बगा की.’

मी म्हणालो, ‘हत्यारं पूजेत हायती. सांजच्याला सोनं लुटलं की बघतो.’

‘लईच आवाज करतीया पर.’

‘आरं, काल धुतलीया. वाळली की गप हुतीया.’

त्यानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. ‘बरं. मग ती गिऱ्हाइकाला नको द्यायला. ट्रॅक दाकवायला म्होरं मीच घिऊन जातो.’

उस्ताद, पूजेचं निमित्त होतं. आम्ही दोघांनी मागून गाडी उचलून चाक हातानं हलवलं असतं, तरी कळलं असतं. एक काठी ॲक्सलच्या घराला लावून दुसरं टोक कानाला लावलं असतं, तरी आतली करकर ऐकू आली असती. त्याला पान्याची काय गरज? पण अंगात नवा पांढरा शर्ट होता. गुडघे टेकायचे जिवावर आलं. एवढंच. याहून मोठं कारण मी तीन रात्री शोधतोय आणि सापडत नाही.

अकराच्या सुमारास उतारावर बेअरिंग जाम झालं. ॲक्सल एकसंध, त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकाच दमात थांबली. गाडी कलंडली, तो खाली आणि गाडी वर. आम्ही चौघांनी उचलली. तो ओरडत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कमरेच्या हाडाला मार आहे, डोक्यालाही. पाय हलतील का, यावर डॉक्टर नीट बोलत नाहीत.

मालक वाईट माणूस नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी मला फक्त विचारलं, ‘मिस्त्री, गाडी नीट होती ना?’ मी म्हणालो, ‘नीट होती.’ कुणीतरी म्हणालं, मग जोरात मारली असणार. संध्याकाळपर्यंत ते ‘असणार’ गळून पडलं आणि त्यानं जोरात मारली हे ठरूनही गेलं. चूक त्याची ठरली तर त्याला भरपाई नाही, आणि परत कामावर तर नाहीच. ज्यानं गिऱ्हाइकाचा जीव वाचवायला ती गाडी स्वतःकडं घेतली, त्याच्या नावावर मी बेफिकिरी लावली.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात असताना मी ॲक्सल उघडला. ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं, गोळ्यांना गंज, गोळ्या धरणारा पिंजरा तुटलेला. पाणी एका दिवसाचं नव्हतं, सगळ्या पावसाळ्याचं होतं, पंपानं फक्त शेवट केला. मी ते बेअरिंग शेततळ्यात फेकलं. त्या ॲक्सलची सगळी बेअरिंगं नवी आणली आणि भरायला बसलो. तळव्यावर ग्रीस घेतलं, दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. दोन तास लागले. इतकं चांगलं बेअरिंग मी आयुष्यात कधी भरलं नव्हतं. तुम्ही नुसता हात पाहिला असता तर खूश झाला असता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण मी तर झोपा करून वर सांगतोय की बैल आपल्या पायानं गेला. उद्या तपासणीचा माणूस चाक फिरवून बघेल आणि म्हणेल, गाडी उत्तम आहे.

काल दवाखान्यात गेलो. त्याची बायको वॉर्डाच्या दारात बसली होती. मला पाहून उठली. ‘भावजी, तुमी तितं हुता न्हवं? खरंच जोरात मारली व्हती का वो यांनी? घरी कदी सायकल बी जोरात चालवत न्हाईत की.’ मी म्हणालो, मी शेडमध्ये होतो, मला दिसलं नाही. ती म्हणाली, ‘व्हय, बरुबर हाय,’ आणि मला बसायला जागा करून दिली.

आत तो जागा होता. त्याला त्या दिवसातलं काही आठवत नाही. सकाळी अंघोळ केलेली आठवते, मग एकदम दवाखान्याचं छत. ‘तुमच्याशी बोललो हुतो का मी त्या दिशी, मिस्त्री?’ त्यानं विचारलं. उस्ताद, मला हायसं वाटलं. माणूस कमरेपासून निर्जीव पडलाय आणि मला उन्हातून सावलीत आल्यासारखं बरं वाटलं. मी म्हणालो, ‘न्हाई. गडबड हुती, बोलनं झालं न्हाई.’ तो म्हणाला, ‘मीच जोरात मारली आसंल मग. गाडीचा सत्यानाश क्येला. तुमाला काम वाडवलं, राग धरू नगा.’ मी त्याच्या चादरीची घडी नीट केली आणि बाहेर आलो.

आता दुपार आहे, शेडमध्ये मी एकटाच आहे, आणि तीन नंबर समोर उभी आहे. सांगितलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील, पोरीचं लग्न ठरत आलंय ते मोडेल. नाही सांगितलं तर तो जन्मभर स्वतःलाच दोष देत पडून राहील आणि माझ्यावर माया करील. यातलं कुठलं मला सोसेल, तुम्हीच सांगा. उद्या अकराला माझ्या तोंडून काय निघेल, मला खरंच माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी तुम्हाला लिहायला बसलोच नव्हतो. आधी त्याच्या बायकोला लिहायला घेतलं होतं. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, तिला सगळं कळलं असतं. तीन ओळी झाल्यावर तो कागद फाडला आणि नव्यावर तुम्हाला हाक मारली, कारण तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं.