तिसावा रोजा

बरका, ओमान
३ मे २०१९

प्रिय आपा,

फोन केला की तू हूं-हूं करून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. आज शुक्रवारची सुट्टी, माझी मासळीची गाडी उभी आहे. तीन-चार दिवसांत रमजानचा चाँद. बाजारात खजुरांचे ढीग लागलेत आणि मला ते बघवत नाहीत.

गेल्या वर्षी गुरुवारी संध्याकाळी इथे ईदचा चाँद दिसला. किनाऱ्यावर आम्ही बाप्ये पोरांसारखे ओरडत होतो. तुमच्याकडे नुसते ढग, कुठूनच खबर नाही, म्हणजे गावाचा तिसावा रोजा बाकी. मी अब्बांना मुबारकबाद द्यायला फोन केला. एवढं तुला माहीत आहे.

पुढचं नाही. अब्बा म्हणाले, तुझ्याकडे चाँद दिसलाय ना, मग त्या चाँदावर मी उद्याचा रोजा नाही धरला तर चालेल का रे? ज्या गावात राहतो तिथला चाँद मानायचा, हे मला शिकवलं त्यांनीच! आजाऱ्याला रोजा माफ असतो, हेही त्यांना ठाऊक. साखर वाढलेली, अंगात ताकद उरली नव्हती, आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. मला मूर्खाला ते कळलं नाही. मी हसलो. म्हटलं, अब्बा, ओमानच्या चाँदावर ईद करायची तर आधी व्हिसा काढा! एकोणतीस झाले, आता एकासाठी काय कच खाता? तेही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, असरच्या अजानेआधीच ते आपल्याला सोडून गेले.

मय्यत घरात असताना तू चार बायकांदेखत माझ्या मेहनाजला बोललीस, पहाटे सहरी खायला उठवलंसच कशाला, सून आहेस की वैरीण? तेव्हापासून तू तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीस. सगळा मोहल्ला तुझंच खरं मानतो.

आपा, त्या संध्याकाळी अब्बांचा फोन स्पीकरवर होता. भाकऱ्या थापताना मेहनाजने सगळं ऐकलं. सहरीला तिने अब्बांना हात जोडले, आज राहू द्या म्हणाली. अब्बा म्हणाले, नको, इक्बाल मला हसेल.

चाळिसाव्याला तिने हे फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, कुणाजवळ बोलू नकोस. ती वर्षभर बोलली नाही. माझ्यात हिंमत नव्हती गं. आता हे पत्र घेऊन तिच्याकडे जा, आणि ज्या चार बायकांसमोर तिला बोललीस त्यांना बोलावून मोठ्याने वाच. माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझाच गुन्हेगार भाऊ,
इक्बाल