गुलाबाची हजामत

प्रिय ताई,

सादर नमस्कार. तुमची अवघडलेली मान आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर मी अजून धक्क्यातून बाहेर आलेली नाही आणि आज सकाळी तुमच्या भावाच्या चहात साखरेऐवजी मीठ गेलं. (त्याने तो पेपर वाचता वाचता संपवला, हा वेगळा धक्का.) फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुम्ही म्हणाल. ताई, राग मानू नका, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुमचा निर्णय झालेला असतो. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही.

रविवारी तुम्ही गाडी घेऊन आईंना न्यायला येणार आहात. तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. तुमच्याकडे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवता येईल, दवाखाना समोर आहे. आणि खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढाच प्रवास करत होत्या, हे तुम्ही मागच्या वेळी स्वतः पाहिलंत. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या ती आपली आपण उतरली तर राहू दे तुझ्याकडे, नाहीतर मी नेते, असं तुम्ही म्हणालात. मी तेव्हा मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच सगळे डबे पुसत बसले. या घरात मी आले तेव्हापासून आईंच्या आवाजाशिवाय एकही सकाळ उजाडलेली नाही. तो आवाज नेहमी गोड असतो असं नाही, पण त्याच्याशिवाय घर कसं वाटेल याचा विचार मनात आला की मी डबे पुसते. सध्या डबे फार चकचकीत आहेत.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने प्रयत्न सोडले नव्हते. बिचारी गोड आवाजात म्हणायची, आजी, टाच उचला बरं, अगदी छान, आता गुडघा. ज्या बाईने जन्मभर मुलींच्या शाळेत कवायत घेतली, तिला हे कसं चालावं? आईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की आधी स्वतः नीट उभी राहायला शीक, तुझा डावा खांदा पडलाय. तेव्हापासून ती मुलगी येते, खांदा सरळ करून उभी राहते, आई तिची पाहणी करतात आणि ती जाते. (खांदा खरोखर सुधारला आहे.) मला तुमचं एक जुनं बोलणं आठवायचं. आईने शाळेत एकाही मुलीला कधी 'पळ' म्हणून सांगितलं नाही, तरी सगळ्या पळायच्या, असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही मात्र सगळेच आईंना 'चाला' म्हणून सांगत होतो, आणि आई बसल्या होत्या.

तर माळ्याची गोष्ट. आई पडल्यापासून बागेकडे कोणी पाहिलं नव्हतं. मला वाकायला बंदी. (माझ्या पाठीचं विचारू नका. आईंना उठवताना एकदा ती जी धरली ती धरली. डॉक्टर म्हणाले, रोज चालायला जा. आईंना एकटं टाकून कुठे जाऊ?) निदान खिडकीतून तरी आईंना बाग नीटनेटकी दिसावी, म्हणून मी तुमच्या भावाला माळी बघायला सांगितलं. त्याने एका दिवसात आणला. माणूस शांत आहे, हात चांगला आहे, असं प्रशस्तिपत्रही दिलं. हात चांगला आहे हे याला कसं कळलं, एवढा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर बरं झालं असतं.

माळी आला. त्याने पिशवीतून एक पांढरी चादर काढली, झटकली आणि आईंच्या लाडक्या गुलाबाच्या गळ्याभोवती गुंडाळून मागे गाठ मारली. मग फवाऱ्याने पानं ओली केली, दोन पावलं मागे सरला, मान तिरकी करून गुलाबाकडे पाहिलं आणि मला अदबीने विचारलं, "बाजूने बारीक करू का मध्यम ठेवू?" मला वाटलं, ही त्यांची बागकामाची भाषा असेल. म्हटलं, बारीक करा. आणि कपडे वाळत घालायला मागे गेले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या यायला अजून वेळ होता. तुमच्या भावाचे केस इतकी वर्षं कापणारा तो न्हावी आहे, ताई. दिवसभर उभं राहून पाय सुजतात म्हणून दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि मोकळ्या हवेतलं काम शोधत होता. तुमच्या भावाला वाटलं, कापणं ते कापणंच.

मी वाळत घातलेल्या चादरीला चिमटे लावत होते आणि "थांब!" असा आवाज आला. असा आवाज की शेजारच्यांचा कुत्रासुद्धा खाली बसला. मी धावत पुढे आले. खोलीत खुर्ची रिकामी. चालायचा वॉकर आपल्या जागी, त्याच्यावर टॉवेल. आणि आई बागेत, अनवाणी, गवतावर, एक हात कुंपणाला आणि दुसरा हात माळ्याकडे रोखलेला. माळी दोन्ही हात वर करून उभा, उजव्या हातात कात्री. गुलाब बाजूने बारीक झाला होता. वर एक झुपका ठेवला होता आणि, खोटं सांगत नाही, डावीकडे भांग पाडला होता.

त्या तीन पायऱ्या आई उतरल्या होत्या. एकट्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्याच पायऱ्यांवर बसकण मारली. आईंनी माळ्याला फांदीवरचा डोळा, म्हणजे नवा कोंब फुटतो ती जागा, कोणता, फांदी कुठून कापायची, तिरका छेद कसा द्यायचा हे सगळं झाडाला हात लावून दाखवलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि आपल्याला चालता येत नाही हे त्यांना आठवलं. म्हणाल्या, बसून काय राहिलीस, खुर्ची आण. मी खुर्ची घेऊन धावले.

आता मी जे केलं ते वाचून मला नावं ठेवू नका. माळी शरमेने चादर गुंडाळून निघाला होता. मी त्याला फाटकापाशी गाठलं आणि म्हटलं, उद्या या, जाई करा, आणि अगदी तुमच्या पद्धतीने करा. दुसऱ्या दिवशी जाईला कल्ले ठेवले. आई जाईपर्यंत चालल्या. मग मी त्याला लिंबाकडे पाठवलं, मग मागच्या भिंतीजवळच्या जास्वंदीकडे. झाड जितकं लांब तितकं बरं. आई काठी टेकत पुढे, मी खुर्ची घेऊन मागे, आणि माळी कात्री खाली ठेवून सावधान उभा. व्यायामाच्या मुलीने एकदा आईंना फाटकापाशी उभं पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवीच गळून पडली. आता ती सगळीकडे आपल्या टाचेच्या व्यायामाचा गुण सांगत फिरते. फिरू दे.

आणि मग घात झाला. तो शिकला. आईच शिकवणार म्हटल्यावर दुसरं काय होणार? एक दिवस जास्वंद अशी सुरेख छाटली की आईंनी खिडकीतूनच पाहून मान डोलावली, पोरगं तयार झालं म्हणाल्या (त्याला नातवंडं आहेत), आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्या दिवशी पायावर शाल घेऊन बसल्या. मी डबे काढले.

आता आजचा धक्का, ज्यापायी मीठ चहात गेलं. आज सकाळी त्याच माळ्याने, त्याच सुधारलेल्या हाताने, कुंपणाच्या मेंदीला मधोमध पट्टा मारला. मशीन फिरवल्यासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणीही सांगितलेलं नसताना. मी तरी नव्हतं सांगितलं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो नजर चुकवून कात्री पुसायला लागला. आणि आई? आई शाल टाकून कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी खुर्चीसकट मागे. परत आल्यावर दम लागलाय का म्हणून विचारायला गेले, तर त्याच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला दम नाही लागला आज."

तेव्हा ताई, माझं एवढंच म्हणणं आहे की रविवारी जरूर या, पण रिकाम्या गाडीने आलात तशाच परत जा. आईंच्या पायाखाली माती आहे तोवर त्या चालतील. लिफ्टमध्ये त्यांना रागवायला कोण मिळणार? भावोजींना नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. तुमच्या सोसायटीतला तो माळी, ज्याने लिलीचे कंद तण म्हणून उपटले आणि ज्याला तुम्ही हाकलून दिलंत, त्याचा फोन नंबर मला हवा आहे. आमच्याकडच्याचा काही भरवसा नाही. पुन्हा शिकेल.

ता. क. दुसरा. यातलं आईंना काहीही कळू देऊ नका. पाकीट चिकटवून टपालपेटीत टाकायला मी त्यांच्याकडेच देते आहे. कोपऱ्यापर्यंत तेवढंच चालणं होईल.

ता. क. तिसरा, आणि हे अक्षर माझं, तुझ्या आईचं. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं असं समज. पट्टा मारायला माळ्याला मीच सांगितलं. नको नको म्हणत होता, बिचाऱ्याच्या जिवावर आलं. मी खुर्चीत बसून राहिले त्या दिवसांत ही तुझी वहिनी पाठीमुळे पुन्हा भिंतीला धरून उठायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं ही माझ्यासाठी टाळते, आणि वर हसून दाखवते. जी मुलगी पळायला नाही म्हणायची, तिला मी नेहमी दुसरीच्या मागे पाठवायची. ही माझ्या मागे खुर्ची घेऊन धावते, तिची पाठ मोकळी झाली आहे, आणि हे तिच्या अजून लक्षातच आलेलं नाही. मी तुझ्याकडे आले तर ही कुणाच्या मागे धावेल? रविवारी ये, जेव, आणि जा.

तो लिली उपटणारा मात्र येताना घेऊनच ये. आज संध्याकाळी आमचा माळी आपणहून परत कुंपण नीट करायला आला होता. हिला यातलं काही सांगू नकोस.