टिक, टक आणि एकटा फोटॉन

४ मार्च

दुसरी नळीही गेली! पहिली पार्सलातच तडकून आली होती. ही आज जोडल्यावर दोनदा चिरचिरली आणि गप्प. फोटॉन टिपायच्या दोन्ही नळ्या भंगारात—आणि साडू पंधराला येतोय.

साडू, म्हणजे मेहुणीचा नवरा, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. मागच्या खेपेला जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, "साडूभाऊ, एकेकटा फोटॉन घरी पकडणार म्हणता? आमच्याकडे सहा जण झटतायत, जमत नाही. तुम्ही आपले रेडिओ दुरुस्त करा, त्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही." सगळे हसले. बायकोही. मी म्हणालो, पुढच्या वेळी दाखवतो. आता दाखवू काय—कप्पाळ?

५ मार्च

सुचलं! नळी हवी कशाला? अंधाराला सरावलेला डोळा अगदी मोजक्या फोटॉनांनाही दाद देतो. हे मी स्वतः वाचून काढलंय, कुणी शिकवलेलं नाही.

नीट लिहून ठेवतो. बल्बचा प्रकाश घोळक्याने येतो. लेझरचा कसाही, ताळतंत्र नाही. तिसरा प्रकार दुर्मिळ—एक फोटॉन, जरा उसंत, मग दुसरा. ओळखायचा कसा? वाटेत अर्धा आरसा तिरका धरायचा: निम्मा उजेड आरपार, निम्मा बाजूला. दोन्हीकडे शोधक म्हणून, नळीऐवजी, एकेक डोळा. एकटा फोटॉन एकाच डोळ्यापाशी पोचणार, म्हणून दोघांना एकाच क्षणी कधीच दिसता कामा नये. एकदम दिसलं की समजावं, घोळका आहे.

खिडकी नसलेली खोली घरात एकच. बाथरूम.

६ मार्च

डोळे दोघींचेच उपलब्ध. एक बायको, दुसरी वरच्या मजल्यावर राहणारी माझी धाकटी बहीण. पंचाईत एवढीच की दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. आईचं शिवणयंत्र! बहीण कपडे शिवून पोट भरते, तिला ते हवं होतं. बायकोने त्यावर टीव्ही ठेवला तो आजतागायत. तेव्हापासून एक बोलू लागली की दुसरी तोंड मिटते.

बायको: "मला चष्म्याशिवाय तुम्ही दिसत नाही, फोटॉन कुठून दिसणार?" बहीण: "ती असेल तर मी नाही." मी म्हणालो, ठीक, साडूला पुन्हा हसू दे. यावर मात्र दोघी कबूल झाल्या. मला हसायचा हक्क घरातल्यांनी राखून ठेवलेला दिसतो.

संध्याकाळीच डबा जोडला. काळा पत्र्याचा डबा, आत बारका दिवा, पुढे वेल्डरच्या चष्म्याच्या काचा एकावर एक, त्यापुढे अर्धा आरसा तिरका. वायर दाराखालून बाहेर, वॉशिंग मशीनमागच्या सॉकेटपर्यंत. फटीत काळं फडकं. उजेड इतका मंद की मला सहज दिसला तर प्रयोग फसला समजायचं.

७ मार्च

दुपारी बटण दाबून आत गेलो. आधी बराच वेळ नुसते अंधारात, डोळे सरावायला. बायको कमोडवर (झाकण लावून), बहीण स्टुलावर, मी शॉवरखाली. मांडीवर घड्याळाच्या मोटरने सरकणारी कागदाची पट्टी, दोन्ही हातांत पेन्सिली. ठिणगी दिसली की बायकोने 'टिक' म्हणायचं, बहिणीने 'टक'.

"दादा, तिला सांग, तिचा गुडघा लागतोय."

"अहो, तिला सांगा, बाथरूम माझं आहे."

"शोधकांनी बोलायचं नाही!" मी ओरडलो.

मग सुरू झालं. टिक. टक. टिक. टक… टक. एकदाही एकदम नाही. एकदाही!!

८ मार्च

पुन्हा तेच! झोप कसली येतेय.

१० मार्च

नियमाप्रमाणे या दोघींना न सांगता दिवा बंद ठेवून एक कोरी चाचणी घ्यायला हवी. आणि माझा मूर्खपणा—सांगून बसलो! बायको: "म्हणजे आम्ही खोटं बोलतो? त्या नळ्यांवर नाही घेतलात असा संशय!" बहीण: "नाहीतर काय!"

दोघी एका बाजूला. असं कधी झालं नव्हतं. घाबरून चाचणी रद्द केली.

११ मार्च

शॉवरखाली पट्टी अंथरलेली. अंघोळ उद्या.

१३ मार्च

मी पोचायच्या आधीच दोघी आत अंधारात बसलेल्या. दाराशी गेलो तशी कुजबुज थांबली. डोळे आधीच सरावून ठेवतायत! शाबास! शोधक असावेत तर असे.

फक्त टीव्ही जमिनीवर कुणी ठेवला, ते कुणी सांगत नाही.

१५ मार्च

संपलं सगळं.

साडूला उलट्या बादलीवर बसवलं. टिक. टक. टिक. साडू चिडीचूप! अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, तरी मला दिसत होता. आणि मग—

"टिक!" "टक!"

एकदम. पुन्हा एकदम. दोघी फिसकन हसल्या आणि मग आवरेचनात. साबणाची वडी पडली, कुणाचं तरी कोपर आरशाला लागलं. बहीण म्हणाली, "अगं वहिनी, पुरे, मेले मी, पोट दुखतंय!"

वहिनी!

"साडूभाऊ," बादलीवरून आवाज आला, अगदी मऊ, "घोळका आहे हो."

मी बाथरूमचा दिवा लावला. पट्टीच्या शेवटच्या वीतभर खुणा जोडीजोडीने. खोडल्या नाहीत, खोडणारही नाही. साडू दोनदा वाढून घेऊन जेवला.

१६ मार्च

सामान आवरायला गेलो. डब्याचा प्लग मशीनमागे जमिनीवर, सॉकेटमध्ये मशीनचा!

"पहिल्याच दिवशी सकाळी काढला की," बायको म्हणाली. "विचारलं होतं. तुम्ही हं म्हणालात."

म्हणजे उजेड नव्हताच. एक दिवसही नाही. "मग टिक कशावर म्हणत होतीस?"

"ती टक म्हणून थांबली, की मी."

दुपारी वर आईचं शिवणयंत्र चालल्याचा आवाज आला, मग थांबला. जिन्यावर पावलं. थोड्या वेळाने बाथरूमचं दार लोटलेलं दिसलं. सवयीने पट्टी घेऊन गेलो, दार बोटभर ढकललं.

"उजेड येतोय!"—दोघी. एकदम.