बापाच्या बाजूची तीन पानं

४ जाने.
मुरबाड. वाचनालयात कथालेखनाचं शिबिर. आरोग्य उपकेंद्रात रजा टाकून वैशाखऱ्याहून सकाळच्या एसटीने. तिकडे मी सगळ्यांची सिस्टर, इथे नुसती एक लिहिणारी. शिकवायला आलेल्या लेखिकाबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांची पुस्तकं वाचतच मोठी झाले. आज समोर बसून पाणी पितात. तेही बघत राहिले.
जाताना माझी कथा त्यांच्या हातात दिली. आईने अंथरूण धरलं आणि बाने आक्काची शाळा सातवीत सोडवली, तीच.

५ जाने.
वाचली! एकवीसच्या एकवीस पानं!
दुपारी जिन्याखाली घेऊन गेल्या. "बहीण जिवंत उतरलीय. बापाला मात्र तू आधीच शिक्षा देऊन बसवलंयस. मुलीचं दप्तर माळ्यावर टाकलं, त्या दिवशी हा माणूस जेवला का?"
मला ठाऊक नाही. इतकं लिहिलं, आणि एवढं ठाऊक नाही.
"ज्याच्यावर राग आहे त्याच्या बाजूने तीन पानं लिही. कथेत नको घालूस हवं तर. पण लिही."
विचारलं, तुम्हाला हे कधी जमायला लागलं? हसल्या. "अजून कुठे? दर कथेला मी पुन्हा पहिलीत बसते."
पन्नास वर्षं लिहिणारी बाई!

९ जाने.
तीन पानं कसली, तीन ओळी. त्याही खोडल्या. 'बाप' लिहिलं की पुढचं वाक्य भांडायलाच उठतं. लसीकरण होतं, बाळं रडत होती, डोक्यात मात्र तोच प्रश्न. रस्त्याने म्हसा गावच्या जत्रेला बैल चाललेत.

११ जाने.
खर्डी, घरी. बा ओट्यावर उन्हात बसलेला. विचारलंच.
"बा, आक्काचं दप्तर माळ्यावर टाकलंस, त्या दिशी जेवलास तू?"
"जेवलो. भाकर तिनंच केलेली, पयलीच. आत कच्ची. आक्खी खाल्ली. टाकली असती तं पोर रडली असती."
मी 'जेवला नाही' असंच लिहिणार होते. आणि ते किती सोपं, किती खोटं झालं असतं! बाईंना उत्तर ठाऊक नव्हतंच. फक्त कुठे विचारायचं ते ठाऊक होतं.

१४ जाने.
झाली. तीन पानं. राग गेलेला नाही. पण आता कथेतल्या त्या घरात बासुद्धा राहतो.

१८ जाने.
खर्डी. बानेच विषय काढला. "लिवलंस का ते? वाच."
दुसऱ्या पानावर होते, त्याने हात वर केला. "थांब. हे पयलं तिनं ऐकाया पायजे. दप्तर तिचं होतं."
आक्काला शहापूरला फोन.
"बा बरा हाय ना गो?"
"बरा हाय. तुला काय तरी ऐकवायचंय त्याला."
"मला?" मग लगेच, "निगते."
तोवर हे लिहितेय. बाने सदरा बदललाय. आक्कासाठी त्याने सदरा बदललेला मी कधी पाहिला नव्हता. दोनदा विचारून झालं, "आली का?"
रिक्षा थांबली.