पुण्यातला छेरछेरा

कोहका, भिलाई
८ जानेवारी २०२६

चि. अंकुर,

खुशाल असशील. आईची तब्येत आहे तशीच आहे. डावा हात अजून उचलला जात नाही, तोंड मात्र दोन्ही हातांचं काम करतं. थंडी यंदा फार पडली आहे. पाकिटावरचा पत्ता बघून दचकला असशील, त्याच्याकडे येतेच. फोन केला नाही, कारण आपल्या दोन खोल्यांत आईच्या कानाआड काही बोलता येत नाही.

आपल्या मालिकेचा शनिवारचा भाग मी पुन्हा एकदा पाहिला. काय सुंदर जमवलाय! ते ओलं इंग्रजी गाव, चर्चमागचा ओढा, आणि आपले इन्स्पेक्टर मेलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून शांतपणे चहा पिताहेत. आईला ते 'गोरा ठाणेदार' म्हणूनच माहीत. "एवढ्याशा गावात दर हप्त्याले मुडदा पडते, तं गाव उरलं कसं?" असं तिनं विचारलं तेव्हा तू फोनवर किती हसला होतास. दर शनिवारी अकराला तू तिकडे, आम्ही इकडे, फोन स्पीकरवर, आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम बटण दाबायचं. शाळेचे पाच दिवस मी त्या दीड तासाच्या आशेवर ढकलायचे. खुनी तू नेहमी आधी ओळखायचास. मला कधीच जमलं नाही. जो गोड बोलेल त्याच्यावर माझा विश्वास बसायचा.

या शनिवारी पौष पुनव होती, म्हणजे छेरछेरा. आपल्या गल्लीतली पोरं सकाळी नवालाच तांदूळ मागून गेली होती. अकराला भाग सुरू झाला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच ओरड ऐकू आली, "छेरछेरा!" आपल्या दारातून नाही, फोनमधून. मग तुझा आवाज, "थोकिन रुकव, देवत हंव," जरा थांबा, देतो म्हणून, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. परत येऊन तू म्हणालास, "डिलिव्हरीवाला होता, ताई."

पुण्यात, अंकुर? छत्तीसगढी बोलणारा डिलिव्हरीवाला? तिकडे कुठली पोरं पौष पुनवेला धान मागत दारोदार फिरतात? तू गप्प बसला असतास तर मी ते शेजारच्या टीव्हीवर ढकललं असतं. पण छेरछेऱ्याच्या दिवशी दारातून कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे आईनं आपल्याला लहानपणापासून घोकवलंय. तेवढं मात्र तू पाळलंस.

सोमवारी मी तुझ्या पुण्याच्या घरमालकीणबाईंना, सिंधुताईंना, फोन लावला. त्या बिचाऱ्यांना वाटलं मला सगळं ठाऊक आहे. तुझी बदली जूनमध्येच झाली, टपालासाठी रायपूरचा पत्ता ठेवून गेलास, तो त्यांनी मला वाचून दाखवला.

रायपूर. लोकलनं तासभर. सात महिने झाले.

जुलैत आई न्हाणीत पडली तेव्हा शेजारच्या तुळसाबाई काकू आणि मी, आम्ही दोघींनी तिला चादरीत घालून उचललं. तुला कळवलं तर तू रडायला लागलास. "ताई, इतक्या दुरून मी काय करू?" आणि मीच तुझी समजूत घातली! ऑगस्टमध्ये नागपूरच्या शाळेनं मला बोलावलं. पंधरा वर्षं वाट पाहिलेली नोकरी. आईजवळ राहायला दुसरं कुणी नाही म्हणून मी नकार कळवला. तेव्हा तू म्हणालास, "मी जवळ असतो तं तू गेली असती." हे तू रायपुरात बसून बोललास. जवळ आहे असं कळलं तर आईला उचलायची पाळी आपल्यावर येईल, एवढंच ना? तसं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, आणि मोकळी झाले असते. तू मला फसवलंस, आणि वर दर शनिवारी माझ्याबरोबर खुनी शोधत बसलास. मला तुझा फार राग आला आहे. बहीण म्हणून नाही, माणूस म्हणून.

आता आईचं. फोनमधली ती ओरड तिनंही ऐकली. "वंदे, आखीन पोट्टे आले पाय. तांदूळ दे त्यायले." तिच्या खाटेवरून दार दिसत नाही. मी सुपात तांदूळ घेतले, दार उघडलं, रिकाम्या गल्लीकडे बघत जरा वेळ उभी राहिले, आणि आत येऊन म्हटलं, "दिले." मग ते तांदूळ गुपचूप परत डब्यात ओतले. दुसरं काय करणार होते? रोज संध्याकाळी ती मला सांगते, "पोरगा येत नाही असं नाही वो. पुनं लय दूर हाय, येऊ शकत नाही तो." त्या एका गोष्टीवर ती तग धरून आहे. ती मी तिच्याकडून काढून घेणार नाही.

तेव्हा संक्रांतीला ये. पुण्याची गाडी दुर्गला लागली की त्यानंतर तासाभरानं दार वाजव, आधी नको. मोठी बॅग आण. शर्ट चुरगळलेला घाल. गाडीत जेवलास का विचारेल, तर काहीतरी सांग, ते तुला शिकवायला नको. दोन दिवस तिच्याजवळ बस, तिला उचलून न्हाणीपर्यंत ने. तू जे जे सांगशील त्याला मी हो म्हणीन. निघताना तिच्यासमोर माझ्या पाया पडशील, तेव्हा मी तुझ्या डोक्यावर हातही ठेवीन. तो खरा समजू नकोस.

मैनाबाईची मुलगी,
वंदना